व्यवसाय प्रशासनाचे शिक्षण : कशासाठी आणि कसे?



संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात व्यवसाय प्रशासनाच्या शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची सूचना होती. आम्ही बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले. त्यामुळे या विषयाची पुस्तकी बाजू जशी थोडीफार माहीत आहे, तशी टेबलासमोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसणारी बाजूही माहीत आहे. दोन्हींच्या आधारे आज बोलणार आहोत.

पदवी हातात आली की आपला मुलगा किंवा मुलगी विचारते, "एम.बी.ए. करू का?" आई-वडील विचारतात, "केल्यावर पगार किती मिळेल?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु या दोहोंमध्ये एक तिसरा प्रश्न राहून जातो. दोन वर्षांत नेमके शिकायचे काय? याचे उत्तर ठाऊक नसताना घेतलेली पदवी भिंतीवर शोभते, पण आयुष्यात फारशी उपयोगी पडत नाही.

प्रथम हे शिक्षण विद्यापीठात आले कसे, ते पाहू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ साली व्हार्टन स्कूल निघाले. हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली व्यवसाय प्रशासनाची पदव्युत्तर शाळा काढली आणि एम.बी.ए. ही पदवी रूढ झाली. आपल्याकडे मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज हे वाणिज्य शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. १९५३ मध्ये कोलकात्यात समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन अशा दोन्ही विषयांसाठी एक संस्था निघाली. १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आय.आय.एम., स्थापन झाल्या. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था उभी राहिली.

ही सनावळी सांगण्याचे कारण असे, की त्याआधी धंद्याचे ज्ञान नव्हते असे नाही. ते पेढीवर होते. व्यापारी घराण्यातला मुलगा मिसरूड फुटण्याआधीच वडिलांच्या शेजारी गादीवर बसे. रोजकीर्द कशी लिहायची, खतावणी कशी करायची, कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची, वसुलीला कोणत्या दिवशी जायचे, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवत नसे. जेवताखाता कानावर पडे. हे ज्ञान घराच्या बाहेर जात नसे आणि घर जातीच्या बाहेर जात नसे. विद्यापीठाने तेच ज्ञान फळ्यावर लिहून काढले आणि परीक्षा देईल त्याला वर्गात बसण्याची मुभा दिली. या शिक्षणाचा खरा सामाजिक अर्थ हा आहे.

आपल्या घरांत काय होते? आपले आजोबा-पणजोबा गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबले. पुढच्या पिढीतील काहीजण शिकून सरकारी कचेरीत, शाळेत, बँकेत गेले. महिन्याचा पगार यायचा, त्यात भागवायचे आणि उरलेच तर पोस्टात टाकायचे, एवढा हिशेब आपल्याला उत्तम येतो. आपल्या आयांनी तर तो कमालीच्या कौशल्याने केला. परंतु पैसा फिरवणे, दुसऱ्याचा पैसा वेळेवर आणून वेळेवर परत करणे, हे आपल्या घरात कोणी पाहिलेच नव्हते. हा बुद्धीचा दोष नव्हे. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याच्या दुकानातला माल कोण घेणार होते?

याचा दाखला खुद्द बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद करावी लागली. अर्थशास्त्रातील त्यांच्या योग्यतेचा माणूस त्या वेळी मुंबईत शोधूनही सापडला नसता, पण बाजाराने ज्ञान पाहिले नाही, जात पाहिली.

बाबासाहेबांची ही बाजू आपल्या व्यासपीठांवर कमी सांगितली जाते. कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी १९१५ साली त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा होता. एका व्यापारी कंपनीने देशाचा कारभार आणि तिजोरी कशी चालवली, याचा तो अभ्यास. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. कला आणि विज्ञान यांच्या बरोबरीने वाणिज्याचे दार उघडणे त्या सोसायटीला आवश्यक वाटले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

आता येथे आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतील, की व्यवस्थापनाचे शिक्षण म्हणजे भांडवलदाराचा नफा वाढवण्याचे शिक्षण. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटले, मग आपल्या मुलांनी या वाटेला का जावे? प्रश्न प्रामाणिक आहे. आमचे उत्तर असे, की ज्याच्याशी झगडायचे त्याची वही वाचता आली पाहिजे. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, तेव्हा बोनस कंपनीच्या हिशेबातील वाटपयोग्य शिलकेशी जोडला गेला. ज्या युनियनमध्ये ताळेबंद वाचणारा माणूस होता, तिला मालकाचे आकडे तपासता आले. जेथे तो नव्हता, तेथे मालक सांगेल तो आकडा खरा मानावा लागला. ज्ञान दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. ते आपल्याकडे नसेल तर मात्र एकाच बाजूला उपयोगी पडते.

हे ज्ञान म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, आपल्या वस्तीतील एका भगिनीचे शिवणकामाचे छोटे युनिट आहे. एका शाळेकडून तिला ५०० गणवेशांची ऑर्डर मिळाली. दर ६०० रुपये, म्हणजे बिल ३ लाखांचे. कापड ३५० रुपये, शिलाई १३० रुपये, दोरा-बटणे २० रुपये, असा एका गणवेशाला ५०० रुपये खर्च. एकूण खर्च अडीच लाख. नफा ५० हजार. घरात आनंदीआनंद.

परंतु कापडवाला रोख मागतो. शिवणाऱ्या बायकांना आठवड्याला पैसे द्यावे लागतात, आणि ते दिलेच पाहिजेत. शाळा मात्र बिल चार महिन्यांनी देते. मधल्या काळात अडीच लाख आणायचे कोठून? यालाच खेळते भांडवल म्हणतात. भगिनीने ते दरमहा शेकडा पाच रुपये व्याजाने खाजगी सावकाराकडून आणले. महिन्याचे व्याज झाले साडेबारा हजार, चार महिन्यांचे पन्नास हजार. म्हणजे सगळा नफा सावकाराच्या घरी गेला. भगिनी चार महिने राबली, ऑर्डर पूर्ण केली, माल उत्तम दिला आणि हातात शून्य राहिले. लोक म्हणाले, "आपल्या लोकांना धंदा जमत नाही."

तीच ऑर्डर, तेच काम. पैसे बँकेच्या कॅश क्रेडिटमधून वर्षाला १२ टक्के दराने आणले असते, तर चार महिन्यांचे व्याज दहा हजार झाले असते आणि चाळीस हजार घरात राहिले असते. फरक कष्टाचा नव्हता, कागदाचा होता. बँक विचारते, मागील वर्षांचे ताळेबंद दाखवा, जी.एस.टी.ची विवरणपत्रे दाखवा, ऑर्डरचे पत्र दाखवा. भगिनीचा सगळा हिशेब एका चाळीस पानी वहीत पेन्सिलीने लिहिलेला. कर्ज नामंजूर करताना पुष्कळदा आम्हांला दिसत असे, की समोरच्या माणसाचा धंदा चांगला आहे. पण तो कागदावर आलेलाच नाही. कागदावर नसलेल्या धंद्याला बँकेचा नियम ओळखत नाही.

शिवाय कायद्याचे साहाय्य आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो, की नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेतल्यावर करारात काहीही लिहिले तरी ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नाही; उशीर केल्यास खरेदीदाराला चढे चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्यासाठी २०२० पासून उद्यम नोंदणी आहे. ती कोठे करावी, तक्रार कोणत्या परिषदेकडे न्यावी, हे सांगणारा कोणीतरी भगिनीच्या शेजारी हवा होता.

आता अभ्यासक्रमाकडे या. एम.बी.ए.चे विषय वेगवेगळे दिसले, तरी ते सगळे या एका युनिटमध्ये बसतात. ऑर्डरचा जमाखर्च मांडणे म्हणजे लेखाशास्त्र. अडीच लाख कोठून व कोणत्या दराने आणावे, हे वित्त व्यवस्थापन. ४५ दिवसांचा नियम हा व्यापारी कायदा. याच शाळेवर अवलंबून न राहता रुग्णालय, हॉटेल, सुरक्षा एजन्सी यांच्याकडे जावे काय, हा विपणनाचा प्रश्न. किती मशीन, किती बायका, किती दिवस, हे उत्पादन व्यवस्थापन. नगावर मजुरी द्यावी की रोजावर, आजारी पडलेल्या बाईचे काय करावे, हे मनुष्यबळ व्यवस्थापन. विद्यार्थी मित्रहो, पुस्तकातील प्रत्येक प्रकरण आपल्या ओळखीच्या एखाद्या दुकानाला, रिक्षाला, पोळी-भाजी केंद्राला लावून पाहा. पाठांतराची गरज पडणार नाही.

या शिक्षणात एक पद्धत आहे, ती म्हणजे प्रकरण अभ्यास. एखाद्या कंपनीची अडचण लिहून वर्गात देतात आणि 'तुम्ही असता तर काय केले असते?' असे विचारतात. हार्वर्डने ही पद्धत रुजवली आणि अहमदाबादच्या आय.आय.एम.ने ती उचलली. येथे आपली मुले मागे पडतात असे म्हणतात. आमचे निरीक्षण असे, की ती विचारात मागे पडत नाहीत, बोलण्यात थांबतात, कारण चर्चा इंग्रजीत असते. इंग्रजी हे साधन आहे, ते मिळवता येते. त्यासाठी एक साधा मार्ग सुचवतो. आधी मराठी वृत्तपत्राचे अर्थविषयक पान रोज वाचा. ताळेबंद, घसारा, येणे-देणे, राखीव निधी या शब्दांचा अर्थ मराठीत पक्का करा. मग तेच इंग्रजीत वाचा. अर्थ डोक्यात असला की शब्द मागून येतात.

आता खर्चाचा विचार करू, कारण घर त्यावर चालते. खाजगी संस्थांच्या जाहिरातीत पगाराचा सर्वांत मोठा आकडा ठळक छापलेला असतो. तो एका विद्यार्थ्याचा असतो. तुम्ही मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारा. वर्गातील किती जणांना नोकरी लागली, ते विचारा. आणि उत्तर लेखी मागा. समजा, ५ लाखांचे शैक्षणिक कर्ज वर्षाला १० टक्के दराने घेतले आणि दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर मासिक हप्ता सुमारे ६,६०० रुपये येतो आणि एकूण फेड जवळजवळ ७ लाख ९३ हजार होते. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्याहून वेगळे. हप्ता नंतर सुरू झाला तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढते. पहिला पगार पंचवीस हजार असेल, तर खोलीभाडे आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाऊन हा हप्ता झेपेल काय? हा हिशेब प्रवेशापूर्वी कागदावर मांडणे, हाच व्यवसाय प्रशासनाचा पहिला धडा आहे. ज्याला तो मांडता आला, त्याचे शिक्षण सुरू झाले.

खर्च कमी करण्याचे मार्ग आहेत. राज्यातील एम.बी.ए. व एम.एम.एस. प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेने होतात. कोणत्याही शाखेची पदवी चालते; खुल्या प्रवर्गाला ५० टक्के गुण लागतात, राज्यातील मागासवर्गीयांना ४५ टक्के. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बारावीनंतरचे बी.बी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रमही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांनाही प्रवेश परीक्षा आली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासूनची आहे. तिचा लाभ हवा असेल तर प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज शेवटच्या वर्षी नव्हे, आधीच करून ठेवा. प्रवेशाच्या रांगेत उभे राहून हे प्रमाणपत्र मिळत नसते.

आय.आय.एम.साठी कॅट ही परीक्षा असते. तेथे केंद्राचे आरक्षण लागू आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही केंद्रीय सवलती मिळू लागल्या. त्यासाठी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो, हे अनेकांना अर्ज भरतानाच कळते. नागपूरला २०१५ पासून आय.आय.एम. आहे आणि मुंबईतील पूर्वीच्या निटीचे २०२३ साली आय.आय.एम.मध्ये रूपांतर झाले. म्हणजे या दर्जाचे शिक्षण आता आपल्या राज्यात, रेल्वेच्या तिकिटाच्या अंतरावर आले आहे.

मुलींच्या पालकांना एक विनंती. मुलगी हुशार असली तरी 'दोन वर्षे आणखी कशाला?' असे म्हणून तिला थांबवले जाते. ज्या घरात पगाराचा हिशेब आईने सांभाळला, त्या घरातील मुलीला वित्त व्यवस्थापन जड जाणार नाही. तिच्यासाठी तो विषय नवा नाही, त्याची नावे फक्त नवी आहेत.

शिकून नोकरी करावी की धंदा? नोकरी करावी, त्यात कमीपणा नाही. ज्या घरात मागे भांडवल नाही, तेथे पहिली काही वर्षे नोकरी म्हणजेच उमेदवारी. बँकेत, कंपनीत, सहकारी पतसंस्थेत बसून पैसा कसा फिरतो ते पाहावे. मात्र डोळे उघडे ठेवावेत. आज आपल्यातील उद्योजक पुढे येत आहेत. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना स्थापन केली. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खाती व सार्वजनिक कंपन्यांनी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून ४ टक्के खरेदी करावयाची आहे. हा वाटा कागदावरून आपल्या दारात यायचा, तर निविदा भरणारे, दर काढणारे, अनामत व हमीपत्राची व्यवस्था करणारे हात लागतात. उद्योजकाकडे जिद्द असते, पण हे कागद करायला त्याला माणूस मिळत नाही. तो माणूस आपल्या एम.बी.ए. झालेल्या मुलांमधून यावा.

धंदा आणि धम्म यांत विरोध आहे, असेही कोणी समजू नये. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि एक भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यास. भांडवल किती आणि राखीव निधी किती, याचे याहून सोपे कोष्टक कोठे मिळेल? मात्र विष, शस्त्र, मद्य आणि प्राण्या-माणसांचा व्यापार करू नये, हेही तेथेच पिटकांत सांगितले आहे. कोणता नफा घ्यावा आणि कोणता घेऊ नये, हे पदवीत शिकवले नाही तरी आपण घरात शिकवले पाहिजे.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, येत्या सर्वसाधारण सभेत संस्थेचा ताळेबंद वाणिज्य वा व्यवस्थापन शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याने वाचून दाखवावा आणि सभासदांनी त्याला प्रश्न विचारावेत. यात विद्यार्थी शिकेल आणि सभासदही शिकतील. दुसरी, एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्यांना सुमारे दोन महिन्यांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. ज्यांना ते मोठ्या कंपनीत मिळते त्यांनी जरूर तेथे जावे. पण त्याशिवाय प्रत्येकाने वस्तीतील एका छोट्या व्यावसायिकाची एका वर्षाची वही नीट लिहून द्यावी. तिसरी, ज्या सभासदांनी बँकेत, कचेरीत, लेखा विभागात नोकरी केली, त्यांनी महिन्यातून एक रविवार दोन तास विहाराच्या सभागृहात बसावे. उद्यम नोंदणी, कर्जाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, एवढ्यापुरते. आम्ही पहिल्या रविवारी येतो. पेन, कोरी वही आणि गणकयंत्र आम्ही आणू. ज्यांची चाळीस पानी वही पेन्सिलीने लिहिलेली आहे, त्यांनी ती संकोच न करता घेऊन यावी.